राष्ट्राध्यक्षांचं ‘अपचन’: डेन्व्हर, सप्टेंबर १९५५

२४ सप्टेंबर १९५५, शनिवार. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर सुट्टीवर डेन्व्हरला, सासुरवाडीच्या घरी मुक्कामाला होते. सकाळी पत्रकारांना सांगण्यात आलं की साहेबांना रात्री अपचनाचा त्रास झाला, आता ते आराम करत आहेत. तोवर त्यांच्या हृदयाच्या पुढच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटून आठ तास होत आले होते. दुपारी खरं निदान बाहेर पडलं. सोमवारी न्यूयॉर्कचा शेअरबाजार उघडला आणि त्याचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात साडेसहा टक्के घसरला.

हृदयविकाराच्या अभ्यासासाठी हे जुनं प्रकरण घ्यायचं कारण सरळ आहे. इतक्या तपशिलात नोंदलेला हार्ट अटॅक क्वचितच सापडतो, आणि रुग्णाला कशाचीच उणीव नव्हती. स्वतःचा डॉक्टर दिमतीला, शहराला लागूनच लष्करी रुग्णालय, हाक मारायचा अवकाश की देशातला कुठलाही तज्ज्ञ विमानाने हजर. एवढं असूनही साधा कार्डिओग्राम (हृदयाच्या विद्युत लहरींचा आलेख, म्हणजेच ईसीजी) निघायला सुमारे अकरा तास गेले.

रुग्ण

पुरुष, वय ६४. दुसऱ्या महायुद्धातले सेनापती. एके काळी दिवसाला चार पाकिटं सिगारेट ओढायचे. १९४९ साली डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा एकदम सोडली आणि पुन्हा शिवले नाहीत. वजन आटोक्यात, गोल्फ आणि मासेमारीचा नाद, मधुमेह नाही. स्वभाव मात्र भलताच तापट.

सिगारेट सोडून सहा वर्षं झालेल्या माणसाला अटॅक का यावा, असं कुणी विचारेल. सोडल्याचा फायदा लवकर दिसतो. रक्त गोठण्याची प्रवृत्ती कमी होते, पहिल्या एक-दोन वर्षांतच धोका बराच उतरतो. पण तीस-चाळीस वर्षांत हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या आतल्या अस्तराखाली जी चरबी साचली, ती सिगारेटबरोबर निघून जात नाही. एखाद्या दिवशी त्यातल्या एका थरावरचं पातळ आवरण फाटतं, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत रोहिणी बंद होते. म्हणूनच आदल्या महिन्यात तपासणी ‘नॉर्मल’ आलेल्या माणसालाही अटॅक येतो, आणि घरचे महिनोन्‌महिने म्हणत राहतात, ‘अहो, काहीच नव्हतं त्यांना!’

तेव्हाच्या डॉक्टरांची अडचणही लक्षात घ्यायला हवी. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ माणसांचा अभ्यास १९४८ साली सुरू झाला होता, पण त्याचे निष्कर्ष यायचे होते. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांना ‘रिस्क फॅक्टर’ म्हणायची पद्धत १९६१ नंतर रुळली. वय, सिगारेट आणि रक्तदाब यांची बेरीज करून ‘या माणसाच्या छातीत दुखलं तर आधी हृदय’ असं म्हणण्याची सवय १९५५ च्या डॉक्टरला असणं कठीणच होतं. आजच्या डॉक्टरला ती सबब नाही.

२३ सप्टेंबर: कांद्यावर आळ

शुक्रवारी सकाळी ते डोंगरातल्या फ्रेझर गावी होते. मासेमारीचा मुक्काम आटोपताना त्यांनी स्वतः सगळ्यांसाठी भरपेट नाश्ता केला. मग गाडीने डेन्व्हरला येऊन कार्यालयातलं काम उरकलं आणि चेरी हिल्सच्या मैदानावर गोल्फ खेळायला गेले. खेळ रंगात आला असताना परराष्ट्रमंत्री डलेस यांचा फोन असल्याचा निरोप यायचा. क्लबहाउसपर्यंत जावं तर लाइन नीट लागायची नाही. परत खेळायला यावं तर पुन्हा बोलावणं. त्यांचा पारा चढत गेला. दुपारी हॅम्बर्गर खाल्लं, सोबत कच्च्या कांद्याच्या जाड चकत्या. अठरा होल्स झाले होते तरी आणखी नऊ खेळायला उतरले, आणि तेव्हा पोटात कसंसंच व्हायला लागलं. त्यांनी ठरवून टाकलं, कांदा बाधला.

आज मागे वळून बघितलं तर तो पहिला इशारा असावा. हृदयाच्या खालच्या भागातून, जठरातून आणि अन्ननलिकेतून येणाऱ्या वेदनांच्या तारा मज्जारज्जूत जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. त्यामुळे मेंदूला दुखणं नेमकं कुठलं हे सांगता येत नाही, आणि माणूस जे शेवटचं खाल्लं त्यावर खापर फोडतो. डेन्व्हरला कांदा होता. आपल्याकडे लग्नातलं जेवण असतं, मिसळीवरची तर्री असते, रात्री उशिरा खाल्लेली भजी असतात.

रात्र

रात्री दीड-दोनच्या दरम्यान छातीत दुखून जाग आली. पत्नी मेमी यांना दुपारची पोटाची तक्रार ठाऊक होती. त्यांनी मिल्क ऑफ मॅग्नेशियाचा डोस दिला. आपल्या घरात ओवा-काळं मीठ, आल्याचा तुकडा किंवा इनो जसं दिलं जातं, तसंच हे. पण त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि लगेच डॉक्टरांना फोन लावला. या सगळ्या रात्रीतला माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा निर्णय हा होता.

डॉ. हॉवर्ड स्नायडर तेव्हा ७४ वर्षांचे होते. कित्येक वर्षं आयझेनहॉवरांचे वैयक्तिक डॉक्टर, जवळजवळ घरचेच. त्यांनी नंतर लिहिलेल्या हकिकतीप्रमाणे पाहताक्षणी त्यांना हृदयाचा संशय आला. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या अमिल नायट्राइटची कुपी फोडून हुंगायला दिली, त्याच कामाचं पापावरीन दिलं, रक्त गोठू न देणारं हेपरिन दिलं, दुखणं थांबायला मॉर्फिन दिलं. थोड्या वेळाने रक्तदाब घसरला, अंग गार पडलं, दरदरून घाम फुटला. अंग चोळलं, गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या, तरी फरक पडेना. शेवटी त्यांनी मेमींना पलंगावर नवऱ्याला बिलगून झोपायला सांगितलं. तो उपाय लागू पडला, रुग्ण शांत झाला आणि झोपी गेला. दुपारी बाराच्या सुमारास ते जागे झाले. मग फिट्झसिमन्स लष्करी रुग्णालयातून कार्डिओग्रामचं यंत्र मागवलं गेलं. एकच्या पुढे पट्टी निघाली, आणि रुग्णालयाचे हृदयरोगतज्ज्ञ कर्नल पोलॉक यांना पुढच्या भिंतीचा इन्फार्क्शन, म्हणजे रक्ताअभावी स्नायू मरणं, स्पष्ट दिसला. त्यानंतर राष्ट्राध्यक्षांना दोन्ही बाजूंनी धरून चालवत गाडीपर्यंत नेलं. ही गोष्ट आज कुठल्याही कॅज्युअल्टीत घडली, तर नर्सच ओरडेल.

स्नायडर म्हणाले, निदान मला ठाऊक होतं, रुग्ण घाबरू नये म्हणून गप्प राहिलो. इतिहासकार क्लॅरेन्स लॅस्बी यांनी कागदपत्रं तपासून वेगळा निष्कर्ष काढला. त्यांच्या मते डॉक्टरांनीही रात्री अपचनच धरलं होतं, आणि औषधांची ती यादी मागाहून सजवली गेली. मला लॅस्बींचं म्हणणं पटतं. हृदयाची शंका मनात असलेला डॉक्टर शहरालगतच्या रुग्णालयातून पहाटे तीनला यंत्र मागवेल, दुपारच्या एकपर्यंत थांबणार नाही. पत्रकारांना ‘अपचन’ सांगणं गोपनीयतेसाठी होतं, असं समजू. पण यंत्र मागवल्याने कोणती गोपनीयता मोडली असती?

अकरा तासांचं मोल

इथे प्रकरणाला एक वळण आहे. स्नायडरांनी पहाटे तीनलाच रुग्णालय गाठलं असतं, तर काय बदललं असतं? फारसं काही नाही. १९५५ साली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सरसकट वापरात नव्हतं, बंद रोहिणी फुग्याने उघडणारी अँजिओप्लास्टी नव्हती. हृदय थांबलं तर छाती दाबून ते चालू ठेवण्याची पद्धत १९६० मध्ये बाल्टिमोरला मांडली गेली. मॉनिटर लावलेले कॉरोनरी केअर युनिट, म्हणजे हृदयरुग्णांचे खास अतिदक्षता विभाग, त्याही नंतरचे. अटॅक येऊन रुग्णालयात दाखल झालेल्या दहांपैकी सुमारे तिघे तिथेच दगावत. उपचार म्हणजे प्राणवायू, मॉर्फिन, अंथरूण आणि वाट पाहणं.

चूक तीच राहिली आणि औषधशास्त्र पुढे गेलं, त्यामुळे चुकीची किंमत वाढत गेली. १९८६ साली इटलीत ११,८०६ रुग्णांवर झालेल्या चाचणीने दाखवलं की गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज जितकं लवकर, तितका फायदा मोठा. पहिल्या तासात सर्वाधिक, सहा तासांनंतर ठळक फायदा दिसला नाही. १९८८ च्या दुसऱ्या चाचणीत, १७,१८७ रुग्णांत, नुसत्या अॅस्पिरिनने हृदय व रक्तवाहिन्यांशी संबंधित मृत्यू जवळपास एक चतुर्थांशाने घटले. आज रोहिणी पूर्ण बंद असलेल्या अटॅकमध्ये रुग्णालयात पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी आणि नव्वद मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी, हे उद्दिष्ट असतं. जिथे अँजिओप्लास्टी करणारी कॅथलॅब दूर आहे, तिथे गुठळीचं इंजेक्शन लगेच. आयझेनहॉवरांची ती रात्र आज जशीच्या तशी घडली, तर अकरा तासांत हृदयाचा बराचसा स्नायू कायमचा गेलेला असेल, आणि तो वाचवता आला असता हेही सगळ्यांना ठाऊक असेल.

आपल्याकडे ती रात्र रोज घडते. भारतातल्या ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांमधल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यक वेळ (निम्म्या रुग्णांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ३६० मिनिटं निघाला. पोहोचल्यावर गुठळीचं इंजेक्शन द्यायला मध्यक ५० मिनिटं. म्हणजे उशीर रुग्णालयात थोडा आणि घरी, रस्त्यात, गल्लीतल्या दवाखान्यात जास्त. त्यात वयाचाही फरक आहे. ५२ देशांच्या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतरत्र ५९ व्या वर्षाच्या आसपास. आयझेनहॉवर आपल्याकडे जन्मले असते, तर ती रात्र बहुधा त्यांच्या पन्नाशीतच आली असती.

या उशिरात रस्ते आणि पैसा यांचा वाटा आहेच. पण ‘गॅस झालाय, सकाळी बघू’ या वाक्याचा वाटा कमी समजू नये. व्यवहारात एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: चाळिशी ओलांडलेल्या, त्यातही बीपी, शुगर, सिगारेट, तंबाखू किंवा मिसरी यांपैकी काही असलेल्या माणसाच्या छातीत दाब, जडपणा किंवा जळजळ दहा-पंधरा मिनिटांत गेली नाही, सोबत घाम आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर आधी ईसीजी आणि मग पित्ताची गोळी. बायकांना आणि मधुमेह्यांना छातीत न दुखता नुसती धाप, मळमळ किंवा गळून गेल्यासारखं वाटणं एवढंच असू शकतं. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी परतू नये. काही तासांनी पुन्हा काढावा लागतो, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन बघावं लागतं. १०८ ला फोन करा, रुग्णाला जिने उतरवू नका आणि स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका.

शेजारच्या काकांनी पुढे केलेली जिभेखालची सॉर्बिट्रेट डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. सॉर्बिट्रेट हे नायट्रेट, स्नायडरांच्या अमिल नायट्राइटच्या जातकुळीतलं. ही औषधं आणि मॉर्फिन, दोन्ही रक्तदाब खाली आणतात. स्नायडरांची हकिकत खरी मानली, तर त्या रात्री मेमींना पलंगावर बोलवायची वेळ आली त्यामागे हेही असू शकेल. अॅस्पिरिन चावून खाणं वेगळं. ज्याला अॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नाही, त्याला फोनवरून डॉक्टर किंवा रुग्णवाहिकेतले लोक सांगतात, तेव्हा ३०० मिलिग्रॅमची साधी गोळी चघळायची असते.

सात आठवडे

रविवारी बोस्टनहून डॉ. पॉल डडली व्हाइट आले. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या संस्थापकांपैकी एक, स्वतः सायकल चालवणारे आणि रुग्णांनाही चालायला लावणारे. तेव्हाचा रिवाज चार-सहा आठवडे सक्त अंथरुणाचा होता. १९५२ साली सॅम्युअल लीव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी अटॅकच्या रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसवून दाखवलं होतं, पण बरेच डॉक्टर अजून कचरत होते. आयझेनहॉवरांना मात्र लवकर खुर्चीत बसवलं गेलं.

सोमवारी व्हाइट पत्रकारांपुढे बसले आणि रोहिणी म्हणजे काय, गुठळी कशी होते, डाग भरायला किती आठवडे लागतात, हे सगळं समजावलं. आदल्या दिवशीपर्यंत ‘सौम्य’ म्हटला गेलेला अटॅक त्यांनी ‘मध्यम’ ठरवला. राष्ट्राध्यक्षांना शौचाला साफ झाल्याचंही सांगून टाकलं, त्यावर पुष्कळ जण अवघडले. आयझेनहॉवरांनी प्रसिद्धिप्रमुख हॅगर्टींना निरोप दिला होता की काही लपवू नका. रूझवेल्ट यांचा रक्तदाब त्यांच्या मृत्यूपर्यंत जनतेपासून दडवला गेला होता, त्या मानाने हा मोठाच बदल. ऑक्टोबरच्या अखेरीला चाकांच्या खुर्चीतला फोटो छापून आला. पत्रकारांनी भेट दिलेला लाल पायजमा, कॉलरवर पाच सोनेरी तारे, खिशावर ‘बराच बरा आहे, धन्यवाद’ अशा अर्थाचं भरतकाम. ११ नोव्हेंबरला ते स्वतःच्या पायांनी विमानाकडे गेले.

आज असा रुग्ण चार-पाच दिवसांत घरी जातो, आणि गडबड तिथेच होते. अँजिओप्लास्टीत स्टेंट, म्हणजे रोहिणी उघडी ठेवणारी जाळीची नळी, टाकला की लोकांना वाटतं, विषय संपला. स्टेंट एका रोहिणीचा एक सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचा भाग उघडतो, बाकीच्या रोहिण्या जशा होत्या तशाच असतात. गोळ्यांची पिशवी तीन महिन्यांनी आटोपती घेतली जाते, कारण ‘आता बरं वाटतंय’. त्यातल्या रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर आणि त्यातली एक पुढे आयुष्यभर चालवायची असते. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन तर कायमची. स्टेंटच्या आत गुठळी धरली, तर तो अटॅक पहिल्यापेक्षा घातक ठरू शकतो.

पुढची तेरा वर्षं

१४ फेब्रुवारी १९५६ ला डॉक्टरांनी सांगितलं की आणखी पाच ते दहा वर्षं ते कामाचं आयुष्य जगू शकतील. महिनाअखेरीस आयझेनहॉवरांनी दुसऱ्यांदा उभं राहायचं जाहीर केलं. डॉक्टरांनी राग, चिडचिड, काळजी टाळायला सांगितलं, त्यावर त्यांनी विचारलं, राष्ट्राध्यक्षपद म्हणजे तुम्हाला वाटतं तरी काय? तरीही दुपारची झोप, बेताचा नाश्ता, वजनावर नजर आणि गोल्फ त्यांनी नेमाने पाळलं. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन सुरू झालं. आधी उंदीर मारायला बाजारात आलेलं हे औषध १९५४ सालीच माणसांसाठी मान्य झालं होतं.

कोलेस्टेरॉलचा आकडा हा त्यांचा ध्यास बनला. चरबी कमी करूनही तो वर जात राहिला, हे स्नायडरांच्या नोंदींतून दिसतं. समाजमाध्यमांवर हे उदाहरण ‘आहाराने काही होत नाही’ याचा पुरावा म्हणून फिरवलं जातं. एका माणसाच्या आकड्यावरून आहारशास्त्राचा निकाल लावणं हास्यास्पद आहे. यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल बनवतं, आणि काहींच्या बाबतीत आहाराने फरक पडतो पण पुरेसा पडत नाही. पहिलं स्टॅटिन बाजारात आलं १९८७ मध्ये, आणि अटॅक येऊन गेलेल्यांचा मृत्यूदर त्याने घटतो हे ठामपणे सिद्ध झालं १९९४ मध्ये. आयझेनहॉवरांना ते मिळालं असतं, तर आकड्यावरून होणारी चिडचिड तरी टळली असती.

१९५७ मध्ये पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेला, तरी जानेवारी १९६१ पर्यंत त्यांनी पद सांभाळलं. नोव्हेंबर १९६५ मध्ये दुसरा अटॅक. १९६८ मध्ये एकामागून एक आले. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड रुग्णालयात हृदय थांबत राहिलं आणि दर वेळी विजेचा झटका देऊन ते चालू केलं गेलं. १९५५ साली ही सोय असती तरच ती रात्र रुग्णालयात काढण्याला अर्थ होता. त्यांच्या याच तेरा वर्षांत रोहिण्यांमधला अडथळा दाखवणारी अँजिओग्राफी (१९५८) आणि क्लीव्हलँडमधली बायपास शस्त्रक्रिया (१९६७) आली. २८ मार्च १९६९ ला, ७८ व्या वर्षी, हृदय क्षीण होऊन त्यांचा मृत्यू झाला.

त्याच सुमाराला अमेरिकेतला हृदयविकाराचा मृत्यूदर शिखरावर पोहोचून उतरू लागला होता. १९८० ते २००० या काळातल्या घटीचा हिशेब नंतर मांडला गेला. जवळजवळ निम्मं श्रेय उपचारांचं निघालं, आणि थोडंसंच कमी श्रेय सिगारेट, कोलेस्टेरॉल व रक्तदाब खाली आणण्याचं. आपल्याकडे ‘उपचार महत्त्वाचे की जीवनशैली’ या वादात दोन्ही बाजूंचे लोक या हिशेबातला आपल्या सोयीचा अर्धा भाग तेवढा घेतात.

शवविच्छेदनात एक अनपेक्षित गोष्ट सापडली. मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीत दीड सेंटीमीटरची गाठ होती, फिओक्रोमोसायटोमा. ही गाठ अधूनमधून अॅड्रिनॅलीनसारखी द्रव्यं रक्तात सोडते आणि रक्तदाब एकाएकी उसळतो. आयझेनहॉवरांच्या वरखाली होणाऱ्या रक्तदाबामागे ती असावी, असं काही हृदयरोगतज्ज्ञांनी पुढे मांडलं. आजार दुर्मीळ आहे, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण बीपी मध्येच खूप चढून पुन्हा उतरत असेल, त्याबरोबर धडधड, डोकेदुखी आणि घाम यांचे झटके येत असतील आणि तीन-तीन गोळ्यांनीही दाब आवरत नसेल, तर ‘टेन्शन कमी करा’ ऐकून परत येऊ नये. रक्तातल्या किंवा लघवीतल्या मेटानेफ्रिनची (अशा गाठीचा सुगावा देणाऱ्या द्रव्याची) तपासणी करायची का, हे फिजिशियनला विचारावं. ती मोठ्या शहरांतल्या लॅबमध्ये होते, आणि गाठ निघालीच तर शस्त्रक्रियेने काढता येते.